जिल्ह्यात महिला फुटबॉल लीग कशी भरवावी : नोंदणीपासून अंतिम सामन्यापर्यंत

३० ऑक्टोबर २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच मैदानावर, महिलांच्या आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यात चीनने दक्षिण कोरियावर ३-२ अशी मात केली होती. एवढे दोन मोठे अंतिम सामने एका वर्षात आपल्या राज्यात झाले. पण आपल्या अनेक जिल्ह्यांत फुटबॉल खेळणाऱ्या मुलीला वर्षभरात खेळायला मिळणारे सामने मोजायला बसलो, तर एका हाताची बोटेसुद्धा जास्त होतात. शालेय स्पर्धेत एखादा सामना, कुणा मंडळाच्या स्पर्धेत एखादा, आणि हरले की किट बॅगेत भरून घरी. ही परिस्थिती बदलायची असेल तर बाद पद्धतीची स्पर्धा पुरेशी नाही, लीगच हवी. ती जिल्हा पातळीवर कशी उभी करावी आणि अंतिम सामन्यापर्यंत कशी न्यावी, हे काही हंगामांच्या अनुभवावरून येथे लिहीत आहे.

लीगच का, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. आठ संघांची बाद स्पर्धा घेतली तर एकूण सात सामने होतात आणि चार संघ पहिल्याच दिवशी घरी जातात. त्याच आठ संघांना साखळी पद्धतीने खेळवले तर २८ सामने होतात आणि सगळ्यात कच्च्या संघातल्या मुलीलाही सात सामने मिळतात. पहिल्या सामन्यात चेंडू अंगावर आला की डोळे मिटून पाठ फिरवणारी बचावपटू पाचव्या सामन्यात तोच चेंडू छातीवर घेऊन शांतपणे बाजूला देते, आणि हा बदल सरावाने नव्हे, सामन्यांनी होतो. म्हणून पुढे जे जे ठरवायचे आहे, त्या प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा : याने मुलींचे सामने वाढतात की कमी होतात?

मान्यता, नोंदणी आणि वय

पहिले काम जिल्हा फुटबॉल संघटनेकडे जाण्याचे. महाराष्ट्रात फुटबॉलचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे 'विफा', पाहते. जिल्हा संघटना तिला आणि ती अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला संलग्न आहे. संघटनेला डावलून स्पर्धा भरवणे सोपे वाटते, पण मग अधिकृत रेफरी मिळण्यात अडचणी येतात, नोंदणीकृत खेळाडूंना खेळण्याची परवानगी अडते, आणि मुख्य म्हणजे तुमच्या लीगमध्ये चमकलेल्या मुलीची दखल निवड समिती घेईल याची शाश्वती राहत नाही. महिलांच्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला २०२३ पासून राजमाता जिजाबाईंचे नाव आहे, आणि २०१७ साली सुरू झालेली इंडियन विमेन्स लीग आता नियमित खेळवली जाते. त्या वाटेची पहिली पायरी जिल्हा आहे. ती पायरी कागदोपत्री पक्की असली पाहिजे.

खेळाडूंची नोंदणी महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीवर, ज्याला सगळे 'सीआरएस' म्हणतात, करून घ्यावी. खेड्यातल्या संघांना हे काम अवघड जाते. फॉर्म अर्धवट राहतात, फोटो चढत नाही, जन्मदाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही. त्यासाठी नोंदणीची मुदत संपण्याआधी एक रविवार ठरवून सगळ्या संघांच्या प्रशिक्षकांना एकत्र बोलवावे आणि एका संगणकावर बसून सगळ्यांचे फॉर्म पुरे करून द्यावेत. या एका दिवसाने पुढची निम्मी भांडणे टळतात.

खुल्या महिला गटात किमान वयाची अट असलीच पाहिजे. आम्ही १४ वर्षे पूर्ण ही अट ठेवतो, कारण पंचविशीतली, रोज दौड करणारी पोलीस भरतीची उमेदवार आणि आठवीतली मुलगी यांची टक्कर झाली तर कुणाला लागणार हे सांगायला नको. १८ वर्षांखालील प्रत्येक खेळाडूच्या पालकांचे लेखी संमतिपत्र घ्यावे, आणि त्यातच प्रवास, उपचार आणि छायाचित्रे या तिन्हींविषयी वेगवेगळी संमती असावी. मुलीचा फोटो फलकावर किंवा समाजमाध्यमांवर टाकायला सगळ्याच घरांची तयारी नसते आणि ती नसेल तर तिचा मान ठेवावा.

सुरक्षिततेचे नियम इथेच, नोंदणीच्या वेळीच, सांगून टाकावेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडासंकुले, स्टेडियम आणि स्पर्धांच्या जागांनाही लागू होतो. अल्पवयीन मुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. प्रत्येक संघासोबत किमान एक प्रौढ महिला व्यवस्थापक असावी, ही अट आम्ही कोणत्याही संघासाठी शिथिल करत नाही. तक्रार कुणाकडे करायची, त्या ताईंचे नाव आणि फोन नंबर कपडे बदलण्याच्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूने लावावा. बाहेरच्या बाजूने लावलेला कागद सगळ्यांसमोर वाचायला मुली थांबत नाहीत.

तारखा आणि सामन्यांची मांडणी

पावसाळ्यात बहुतेक मैदानांचा चिखल होतो, ऑगस्टपासून शालेय स्पर्धा सुरू होतात, फेब्रुवारीत बारावीची परीक्षा येते आणि पाठोपाठ दहावीची. या सगळ्यांतून उरते ती दिवाळीनंतरची जागा. दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी सुरुवात करून जानेवारी संपायच्या आत अंतिम सामना उरकेल, अशी आखणी करावी. आठ संघ, एक मैदान, शनिवारी दोन आणि रविवारी दोन सामने, असे धरले तर साखळीला सात आठवडे लागतात, आठव्या आठवड्यात उपांत्य सामने आणि नवव्यात अंतिम. एक आठवडा राखीव ठेवावा आणि मैदानाच्या परवानगीच्या पत्रात तो राखीव शनिवार-रविवारही लिहून घ्यावा. एका हंगामात आम्ही तोंडी होकारावर विसंबलो, आणि उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मैदानात मांडवाचे खांब रोवले जात होते. मैदान ज्यांच्या ताब्यात होते त्यांनी ते एका समारंभाला देऊन टाकले होते. चार संघांना रात्री फोन करताना जी शरम वाटली, ती वाचकांच्या वाट्याला येऊ नये.

सामन्यांची मांडणी कागदावर अशी करावी. आठ संघांना चिठ्ठ्या टाकून १ ते ८ क्रमांक द्यावेत. पहिल्या फेरीत १ विरुद्ध ८, २ विरुद्ध ७, ३ विरुद्ध ६ आणि ४ विरुद्ध ५. हे दोन ओळींत लिहावे : वर १, २, ३, ४ आणि त्यांच्याखाली ८, ७, ६, ५. पुढच्या फेरीसाठी १ क्रमांक जागेवर ठेवून बाकीचे सगळे घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक घर पुढे सरकवावेत. मग दुसऱ्या फेरीत १ विरुद्ध ७, ८ विरुद्ध ६, २ विरुद्ध ५ आणि ३ विरुद्ध ४ येतात. तिसरीत १ विरुद्ध ६, ७ विरुद्ध ५, ८ विरुद्ध ४, २ विरुद्ध ३. अशा सात फेऱ्यांत प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदाच खेळतो. संघ सातच असतील तर आठव्या क्रमांकावर कुणीच नाही असे धरावे; त्याच्यासमोर येणाऱ्या संघाला त्या फेरीत विश्रांती.

मांडणी झाली की सामन्यांच्या वेळा वाटायच्या, आणि इथे नुसती चिठ्ठी चालत नाही. लांबच्या तालुक्यातून येणाऱ्या संघाला सकाळी आठचा सामना दिला, तर त्या मुलींना पहाटे चारला उठून, काही न खाता एसटीत बसावे लागते. शेवटचा सामना त्यांना दिला, तर परतीची गाडी चुकते. म्हणून दूरच्या संघाला मधली वेळ द्यावी आणि ती का दिली हे बाकीच्या संघांना सांगावे. मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत एसटीच्या तिकिटावर महिलांना निम्मी सवलत आहे, त्यामुळे प्रवासखर्च पूर्वीपेक्षा हलका झाला आहे; तरी तो संयोजकांनीच उचलावा असे माझे ठाम मत आहे. पहिल्या बक्षिसाची रक्कम मोठी ठेवून जाहिरात करण्यापेक्षा तेच पैसे आठही संघांच्या तिकिटांवर खर्च केले, तर तिसऱ्या फेरीनंतर संघ गळत नाहीत. आमच्या पहिल्या हंगामात दोन संघ गळाले, आणि दोन्ही वेळा कारण हरणे हे नव्हते, भाडे हे होते.

नियमपत्रिका

नियम दोन पानांत, मराठीत, छापून प्रत्येक संघाच्या हाती द्यावेत आणि प्रशिक्षकाची व कर्णधाराची सही घ्यावी. सामना किती मिनिटांचा, हे आधी ठरवावे. मोठ्यांचा पूर्ण सामना ९० मिनिटांचा असतो, पण शाळकरी वयाच्या मुली आणि कामधंदा सांभाळून खेळणाऱ्या स्त्रिया एकाच लीगमध्ये असताना आम्ही ३५-३५ मिनिटांचे दोन डाव खेळवतो. तळागाळातल्या आणि युवा फुटबॉलसाठी वेळ कमी करण्याची, तसेच बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची मुभा संघटनेच्या संमतीने खेळाच्या नियमांतच आहे. ही दुसरी मुभा जरूर घ्यावी. राखीव बाकावरच्या मुलीला दहा मिनिटे तरी खेळवायला प्रशिक्षक मग कचरत नाहीत.

संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करता येत नाही. अशा वेळी समोरच्या संघाला ३-० असा विजय देण्याची पद्धत आहे. पण त्याआधी किती वेळ वाट पाहायची, हे मिनिटांत लिहावे. आम्ही २० मिनिटे थांबतो. गाडी बंद पडल्याचा फोन आला असेल तर सामन्यांचा क्रम बदलून पाहावा, कारण आल्या पावली परतलेल्या मुलींना कागदावरच्या तीन गुणांचा आनंद होत नाही.

विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, हे सगळ्यांना ठाऊक असते. समान गुण झाले तर काय, इथे मात्र खरी परीक्षा असते. बहुतेक नियमपत्रिकांत 'गोलफरक पाहिला जाईल' एवढेच लिहिलेले असते. महिला लीगमध्ये सुरुवातीच्या काही हंगामांत संघांच्या ताकदीत फार अंतर असते. नव्या संघाविरुद्ध दहा-बारा गोल होऊ शकतात. गोलफरकावरच क्रम ठरणार असेल तर बलवान संघ शेवटच्या मिनिटापर्यंत दुबळ्या संघाला तुडवत राहतो, आणि त्या संघातल्या चार मुली पुढच्या रविवारी येत नाहीत. म्हणून आधी आपसातल्या सामन्यांचा निकाल पाहावा, आणि नंतर गोलफरक पाहताना एका सामन्यात पाचच्या पुढचा फरक मोजू नये.

आपसातला निकाल म्हणजे काय, हेही उदाहरण देऊन लिहावे. समजा क, ख आणि ग या तीन संघांचे गुण सारखे झाले. क ने ख ला २-० हरवले, ख ने ग ला १-० आणि ग ने क ला १-०. तिघांचा एकेक विजय, एकेक पराभव. आता फक्त या तीन सामन्यांचा छोटा तक्ता करायचा : क चा गोलफरक अधिक एक, ग चा शून्य, ख चा उणे एक. म्हणून क पहिला, ग दुसरा, ख तिसरा. हे उदाहरण नियमपत्रिकेत छापलेले असेल तर शेवटच्या फेरीनंतर संयोजकांच्या टेबलाभोवती घेराव पडत नाही.

पिवळ्या कार्डांचा हिशेबही लेखी असावा. वेगवेगळ्या सामन्यांत दोन पिवळी कार्डे मिळाली तर पुढचा एक सामना बाहेर, आणि उपांत्य सामने संपल्यावर साचलेली पिवळी कार्डे पुसली जातील, असा नियम ठेवावा. साखळीत कधीतरी चेंडू दूर मारल्याबद्दल मिळालेल्या पिवळ्या कार्डामुळे कुणी अंतिम सामन्याला मुकू नये. लाल कार्डाला ही सूट नाही.

मैदान आखणे

मैदान आदल्या संध्याकाळी आखावे. सकाळच्या घाईत आखलेल्या रेषा वाकड्या येतात. नियमाप्रमाणे लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. १०० बाय ६४ मीटरचे मैदान मिळाले तर उत्तम. चारी कोपऱ्यांत खुंट्या ठोकून दोरी ताणावी आणि कर्ण मोजावेत. १०० बाय ६४ च्या मैदानाचे दोन्ही कर्ण ११८.७३ मीटर भरले की कोपरे काटकोनात आले असे समजावे. गोलपोस्टमधील अंतर ७.३२ मीटर आणि आडव्या दांड्याची उंची २.४४ मीटर. पेनल्टी क्षेत्र आखताना प्रत्येक पोस्टच्या आतल्या कडेपासून १६.५ मीटर बाहेर आणि तेवढेच आत मोजायचे, म्हणजे गोलरेषेवर त्याची एकूण रुंदी ४०.३२ मीटर होते. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर, मधले वर्तुळ ९.१५ मीटर त्रिज्येचे, आणि कोणतीही रेषा १२ सेंटिमीटरपेक्षा जाड नको.

रेषांसाठी खडूची फक्कीच वापरावी, चुना नको. न विरलेला चुना ओल्या कातडीला भाजतो, आणि घसरून पडलेल्या मुलीच्या डोळ्यांत तो गेला तर इजा गंभीर होते. गोलपोस्ट हलवता येणारे असतील तर मागच्या बाजूने वाळूची पोती टाकून किंवा जमिनीत खिळे ठोकून ते पक्के करावेत. त्याला लोंबकळणाऱ्या मुलांवर पोस्ट उलटून अपघात होतात. जाळी बांधून झाली की एकाने आतून आणि एकाने बाहेरून हात फिरवत सगळीकडून पाहावी. अंतिम सामन्यात चेंडू भोकातून बाहेर गेला तर तो गोल होता की नव्हता, यावर वर्षभर वाद चालतो.

मैदानाइतकेच महत्त्वाचे आहे ते कपडे बदलण्याची बंद खोली आणि पाणी असलेले स्वच्छतागृह. ते नसेल तर ते मैदान घेऊ नये, मग हिरवळ कितीही चांगली असो. खोलीत सॅनिटरी पॅडचा डबा आणि झाकणाची कचरापेटी ठेवावी, आणि संघांना किट ठरवतानाच गडद रंगाच्या शॉर्ट्स घ्यायला सांगावे. इंग्लंडच्या महिला संघानेही २०२३ मध्ये याच कारणासाठी पांढऱ्या शॉर्ट्स सोडून निळ्या घेतल्या. आपल्या मुली हे कारण बोलून दाखवत नाहीत, सामन्याला येणे टाळतात.

सामन्याच्या दिवशी

रेफरी, दोन साहाय्यक रेफरी आणि टेबलावर नोंदी ठेवणारी एक व्यक्ती, एवढी माणसे प्रत्येक सामन्याला लागतात. शक्य तेथे महिला रेफरी बोलवाव्यात. गोव्याच्या उवेना फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये जॉर्डनमध्ये झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात साहाय्यक रेफरी म्हणून काम केले. खेळणे थांबल्यावरही मैदानावर राहता येते, हे मुलींना समोर दिसले पाहिजे. रेफरींचे मानधन सामना संपल्याबरोबर, पाकिटात घालून, सही घेऊन द्यावे.

खेळाडूंची तपासणी सामन्याच्या तासभर आधी करावी. बुटांचे स्टड, शिनगार्ड आणि मोजे पाहिले जातात, पण महिला सामन्यांत जास्त वेळ जातो तो दागिन्यांना. नियम स्पष्ट आहे : अंगावर कोणताही दागिना चालत नाही, आणि त्यावर चिकटपट्टी लावूनही चालत नाही. एकदा नववीतल्या एका मुलीने आठच दिवसांपूर्वी नाक टोचलेले होते. चमकी काढली तर भोक बुजेल, म्हणून ती रडवेली झाली होती. "ताई, वरून टेप लावली तर?" असे तिने तीनदा विचारले. शेवटी तिच्या आईनेच हलक्या हाताने चमकी काढली, कडुनिंबाची बारीक काडी घालून ठेवता येईल का असे विचारले, आणि तीही चालणार नाही म्हटल्यावर मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पुन्हा टोचू गं, जा खेळ." हा प्रसंग मैदानाच्या कडेला घडायलाच नको होता, चूक आमची होती, कारण नियमपत्रिकेत आम्ही 'दागिने घालू नयेत' एवढेच लिहिले होते. आता आम्ही चमकी, कानातले, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, हातातला धागा अशी नावे घेऊन लिहितो, आणि महिनाभर आधी सांगतो. मंगळसूत्र काढताना काही खेळाडूंना संकोच वाटतो. त्यांच्यासाठी कुलपाचा एक छोटा डबा, नावाच्या चिठ्ठ्या आणि तो डबा सांभाळणारी एक जबाबदार बाई असावी. डोक्यावर स्कार्फ बांधून खेळायला नियमांची आडकाठी नाही, तो जर्सीला न जोडलेला आणि धोका न होणारा असावा.

सामन्याआधीचा सराव म्हणजे गोलवर दोन-चार किक मारणे नव्हे. स्त्री खेळाडूंमध्ये गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त आढळते. धावणे, ताकद, तोल आणि उडी घेऊन नीट खाली येणे यांवर आधारलेला 'फिफा ११+' हा सुमारे २० मिनिटांचा क्रम अशा दुखापती कमी करण्यासाठीच तयार केलेला आहे. तो हंगामाआधी सगळ्या प्रशिक्षकांना एकत्र शिकवावा आणि प्रत्येक सामन्याआधी त्याला वेळ मिळेल अशीच वेळापत्रकाची आखणी करावी. गुडघ्याची शस्त्रक्रिया परवडत नाही म्हणून खेळ सुटलेल्या मुली पाहिल्यापासून मी या बाबतीत तडजोड करत नाही.

डोक्याला मार लागला आणि मुलगी गोंधळलेली, चक्करलेली किंवा मळमळ होत असलेली दिसली, तर ती त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. तिने कितीही विनवले तरी नाही आणि प्रशिक्षकाने कितीही आग्रह केला तरी नाही. १०८ ची रुग्णवाहिका बोलवल्यावर यायला किती वेळ लागतो याचा अंदाज आधी घ्यावा आणि जवळचे रुग्णालय ठरवून ठेवावे; उपांत्य आणि अंतिम सामन्याला मात्र रुग्णवाहिका मैदानावर उभीच असावी. दुपारच्या सामन्यात प्रत्येक डावाच्या मध्यावर पाण्यासाठी थांबावे. अवकाळी पावसाचे ढग जमले तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप पाहावे, आणि वीज चमकू लागली की सामना थांबवून सगळ्यांना पक्क्या इमारतीत न्यावे, झाडाखाली नव्हे.

सामना संपला की निकाल, गोल करणाऱ्यांची नावे आणि कार्डे त्याच संध्याकाळी सगळ्या संघांना कळवावीत व गुणतक्ता ताजा करावा. स्थानिक वार्ताहरांना चार ओळींची बातमी आणि एक फोटो स्वतःहून पाठवावा. 'महिला संघ विजयी' एवढे न लिहिता गोल कुणी, कितव्या मिनिटाला, कुणाच्या पासवर केला ते लिहावे. पुरुषांच्या सामन्याची बातमी अशीच येते.

अंतिम सामना

गुणतक्त्यातील पहिला विरुद्ध चौथा आणि दुसरा विरुद्ध तिसरा असे उपांत्य सामने घ्यावेत. हरलेल्या दोन संघांत तिसऱ्या क्रमांकाचा सामना अंतिम सामन्याच्या आधी, त्याच मैदानावर ठेवावा. पुन्हा तोच हिशेब, आणखी एक सामना मिळतो. बाकीच्या चार संघांनाही त्या दिवशी बोलवावे आणि त्यांच्यासाठी पुढच्या खुर्च्या राखून ठेवाव्यात.

कोल्हापुरात राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे सामने असले की गॅलरी भरते, हलगी वाजते, घरातली तीन पिढ्यांची माणसे येतात. मुलींच्या अंतिम सामन्याला तशी गर्दी आपोआप होणार नाही, ती आणावी लागते. दोन्ही संघांच्या गावांत आणि शाळांत आठ दिवस आधी पत्रके द्यावीत, आणि आया, आज्या, बहिणी यांना आवर्जून निमंत्रण पाठवावे. सावलीत बसायची सोय आणि स्वच्छतागृह प्रेक्षक स्त्रियांसाठीही हवे, नाहीतर त्या मध्यंतरालाच निघून जातात. शेरेबाजी करणाऱ्यांना पहिल्याच वेळी बाहेर काढण्यासाठी स्वयंसेवक नेमावेत आणि तशी सूचना ध्वनिक्षेपकावरून सुरुवातीलाच द्यावी.

पाहुण्यांचे भाषण सामन्याआधी ठेवू नये. एका वर्षी पाहुणे उशिरा आले, आणि सराव करून घाम आलेल्या बावीस मुली ओळख परेडसाठी ४० मिनिटे रांगेत उभ्या राहिल्या. अंग थंड पडले, आणि सहाव्या मिनिटाला एका आघाडीपटूची मांडी भरून आली. तिच्या हंगामातला सगळ्यात महत्त्वाचा सामना तिने बर्फाची पिशवी धरून बाकावरून पाहिला. तेव्हापासून वेळापत्रक असे : चारचा सामना असेल तर तीनला तपासणी, सव्वातीनला सराव, पावणेचारला खोलीत परत, चारला पाच मिनिटे कमी असताना दोन्ही संघ मैदानात, हस्तांदोलन, नाणेफेक, चारला शिट्टी. पाहुणे आलेले असोत वा नसोत. भाषण बक्षीस समारंभात, तेही पाच मिनिटांचे.

बरोबरी झाली तर काय, हे त्या दिवशी पुन्हा एकदा दोन्ही कर्णधारांना सांगावे. उपांत्य सामन्यात थेट टायब्रेकर, म्हणजे दोन्ही संघांच्या आळीपाळीने पेनल्टी किक, आणि अंतिम सामन्यात आधी १०-१० मिनिटांचा जादा वेळ, असे आम्ही ठेवतो. टायब्रेकरला कोणता गोल वापरायचा हे रेफरी एका नाणेफेकीने ठरवतात आणि आधी किक कुणाची हे दुसऱ्या नाणेफेकीने. खेळ संपला तेव्हा जे खेळाडू मैदानावर होते तेच किक घेऊ शकतात. एका संघात खेळाडू कमी उरले असतील तर दुसरा संघही आपली संख्या तेवढीच करू शकतो. पाच-पाच किकनंतरही बरोबरी राहिली तर सडन डेथ, म्हणजे एकाचा गोल होऊन दुसऱ्याचा हुकेपर्यंत एकेक किक. किक मारली जाते त्या क्षणी गोलकीपरच्या एका पायाचा काही भाग तरी रेषेवर, रेषेच्या वर किंवा मागे असला पाहिजे, हे दोन्ही गोलकीपरना आधीच समजावून द्यावे. किक चुकलेल्या मुलीकडे कॅमेरे धावतात. तिच्या संघातल्या मुलींना मधल्या रेषेवरून तिच्याकडे चालत जायला सांगून ठेवावे, तिला एकटीला तेवढे अंतर परत यायला लावू नये.

बक्षिसे देताना उपविजेत्या संघाला आधी बोलवावे आणि प्रत्येक खेळाडूच्या गळ्यात पदक घालावे, नुसत्या कर्णधाराच्या हाती ढाल देऊन रांग संपवू नये. उत्कृष्ट गोलरक्षक, सर्वाधिक गोल, उत्कृष्ट बचावपटू ही बक्षिसे संपूर्ण हंगामातल्या नोंदींवरून द्यावीत, म्हणजे सातव्या क्रमांकावर राहिलेल्या संघातली गोलकीपरही पुढे येऊ शकते. आमच्याकडे एकदा तसे झाले. सात सामन्यांत तिने खाल्लेले गोल पुष्कळ होते, पण अडवलेले त्याहून कितीतरी अधिक, आणि ते मोजलेले होते म्हणूनच तिचे नाव पुकारता आले.

अंतिम सामन्यानंतर आठ दिवसांत तीन कामे संपवावीत. सगळ्या सामन्यांचे निकाल आणि खेळाडूंच्या नोंदी सही-शिक्क्यानिशी जिल्हा संघटनेला द्याव्यात, आणि प्रत्येक खेळाडूला ती किती सामने खेळली हे लिहिलेले प्रमाणपत्र द्यावे. जमाखर्च सर्व संघांसमोर वाचून दाखवावा आणि अनामत रक्कम परत करावी. जाळ्या सोडून, उन्हात वाळवून, कोपऱ्याचे झेंडे आणि चेंडू मोजून एका पेटीत ठेवावेत, पेटीच्या झाकणावर यादी चिकटवावी, आणि पुढच्या हंगामाच्या नोंदणीचा रविवार त्याच बैठकीत ठरवून प्रशिक्षकांना कळवावा.